इंदूरमधील माजी सैनिक संघटना : सभासदांना जोडून ठेवताना

संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड आणि वीरपत्नींचे कुटुंब निवृत्तिवेतन यांसाठी अध्यक्षांनी महिन्यातून एक मदतदिवस ठरवून ठेवावा, कारण सभासद प्रथम अडलेल्या कामासाठीच येतात. अर्ज भरण्याचे काम सैन्यात कारकुनी केलेल्यांकडे सोपवावे. जबाबदारी मिळालेला सभासद सहसा गैरहजर राहत नाही. सभेत हुद्द्याचा मान अवश्य राखावा, परंतु बोलण्याची पहिली संधी शिपाई आणि नायक अशा खालच्या हुद्द्यांच्या सभासदांना द्यावी, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून पाळला जाणारा माजी सैनिक दिन कुटुंबांसह साजरा करावा. जवळच्या महू लष्करी छावणीपर्यंत जाणे न झेपणाऱ्या वृद्धांच्या घरी दोघा सभासदांनी नियमित जावे.