ऑइलचा लाल दिवा लागला? या चुका टाळा

चालत्या बाइकवर ऑइल प्रेशरचा दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. प्रेशर खरंच गेलं असेल तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्लेन बेअरिंगमधला, म्हणजे गोळ्या नसलेल्या, तेलाच्या थरावरच फिरणाऱ्या बेअरिंगमधला, तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होतं. गाडी ढकला, टेम्पोत घाला, पण चालवू नका.

मग लेव्हल बघा. साइड स्टँडवर बघितलेली लेव्हल खोटी असते. गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, म्हणून मॅन्युअल उघडा. ऑइल न घालताच लेव्हल वाढलेली दिसली तर वास घ्या. पेट्रोल झिरपून ऑइल पातळ झालेलं असू शकतं. ‘थोडं जास्तच टाकलं’ हेही चुकीचं, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो आणि पंपाला तेलाबरोबर हवा ओढावी लागते.

लेव्हल ठीक असेल तर लगेच इंजिन उघडायला सांगू नका. चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत प्रेशर स्विचची (ऑइलचं प्रेशर पडलं की दिवा लावणाऱ्या स्विचची) वायर काढून मोकळी धरा. दिवा तरीही पेटलेला राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला अर्थ होतेय. विझला तर मात्र निर्णय गेजवरच (प्रेशर मोजायच्या मीटरवरच) करा. स्विचच्या जागी गेज लावून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मॅन्युअलमधल्या आरपीएमवर मोजा. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे प्रेशर चांगलं दिसतं आणि फसगत होते. इंजिन चालू असताना दिवा विझला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. स्विच फारच कमी प्रेशरला चालतो.

गरम झाल्यावर दिवा मिणमिणतो म्हणून जाड ऑइल भरून द्यायची पद्धत मला अजिबात पटत नाही. दिवा विझतो, झीज चालूच राहते.

नुकतंच काम झालेलं असेल तर संशय आधी त्या कामावर घ्या. फिल्टर उलटा बसलाय का? ओ-रिंग (रबराची गोल सील) राहिली का? क्लच कव्हरला सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आत सुटतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं. जाळी साफ निघाली तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) कचऱ्याने उघडा अडकलाय का ते बघा, मग पंप. बेअरिंगचा नंबर शेवटी.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना हा दिवाच नसतो. काही बाइकच्या हेडवर (इंजिनच्या सगळ्यांत वरच्या भागावर) ऑइल तपासायचा बोल्ट असतो. तो किंचित सैल करून इंजिन आयडलिंगला ठेवा. एका मिनिटात तेल पाझरलं नाही तर बंद करा, रेस देऊन बघू नका. तेल आलं तर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोराने लगेच जातात.