सावलीतली चट्ट्यापट्ट्यांची झुडपं: या चुका टाळा

सोसायटीतल्या दोन इमारतींमधली पट्टी, बंगल्याची उत्तरेकडची बाजू, आंब्याखालची जागा. इथे फुलझाडं रुसतात, म्हणून लोक पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांच्या पानांची सदाहरित झुडपं आणतात. विचार बरोबर आहे. पण वर्षभरात रंग उतरतो नाहीतर पानं करपतात, आणि बोल नर्सरीवाल्याला लागतो. बहुतेक वेळा गोची उजेडाची असते आणि उपाय मात्र पाण्याचे आणि खताचे चालू असतात.

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं. म्हणजे अन्न तयार करायचं काम उरलेल्या हिरव्या भागावर. म्हणूनच हे झाड आपल्या साध्या हिरव्या भावंडापेक्षा हळू वाढतं आणि त्याला थोडा जास्त उजेड लागतो, मात्र थेट ऊन पांढऱ्या भागाला सोसत नाही. ‘सावलीत चालेल’ याचा अर्थ अंधारात चालेल असा घेऊ नका. दुपारी जागेवर हात धरून बघा. हाताची पुसट का होईना, सावली पडली तर शेफलेरा, अरेलिया, ‘साँग ऑफ इंडिया’ ड्रॅसिना यांचं भागेल. सावली पडतच नसेल तर झुडपाचा हट्ट सोडा आणि गडद पानांचा अग्लोनिमा लावा. क्रोटनला तर सावलीत नेऊच नका. त्याचे लाल-पिवळे रंग उन्हावर पोसलेले असतात. सावलीत नवी पानं हिरवट येतात आणि खालची गळतात.

उत्तरेकडच्या भिंतीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. हिवाळ्यात तिथे दिवसभर सावली असते, म्हणून माणूस डिसेंबरात जागा ठरवतो. पण एप्रिलपासून सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवतो, वायव्येच्या अंगाने मावळतो आणि मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. मग भिंतीची सावली उरते कुठे? नेमक्या त्याच दिवसांत पानांच्या पांढऱ्या कडा तपकिरी, कुरकुरीत होतात आणि घरचे पाणी वाढवतात. पाण्याने ते भरून येत नाही. एप्रिल-मेपुरती हिरवी शेडनेट बांधा, पावसाळी ढग आले की काढा.

आता सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट. शेफलेरा, बेंजामिना फायकस, दुरांटा यांच्यावर मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. लोक खूश होतात, झाड जोमात आलं म्हणून! जोमात ती फांदीच असते. हरितद्रव्य जास्त, त्यामुळे तिची वाढ वेगाने होते आणि दोन-तीन हंगामांत ती चट्ट्यांच्या फांद्यांना झाकून टाकते. दिसताक्षणी काढा आणि शेंडा नुसता खुडू नका, फांदी जिथून फुटली तिथून कापा. पूर्ण पांढरा फुटवाही ठेवण्यात अर्थ नाही, तो स्वतःचं पोटसुद्धा भरू शकत नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. एकच फांदी हिरवी झाली तर कात्री, आख्खं झाड फिकं-हिरवट झालं तर जागा बदला.

रोप वाढवतानाही हेच ध्यानात ठेवा. चांगले चट्टे असलेल्या फांदीचंच छाट कलम करा. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटची पानं कापून लावली की नवी रोपं साधी हिरवी येतात. त्याची मुळापासची पिल्लं वेगळी करावी लागतात.

पाण्याचं थोडक्यात: सावलीतली माती सावकाश वाळते. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीखालची बशी काढून टाका. मोठ्या आंब्याखाली मात्र उलटं घडतं. पाऊस ओसरला की त्याची मुळं वरच्या थरातलं पाणी शोषून घेतात, तिथे झुडपं कोरडी पडतात. खताच्या बाबतीत हात आखडता बरा. युरियाने कोवळी, लुसलुशीत वाढ होते आणि पिठ्या ढेकणाला, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किडीला, आमंत्रण मिळतं. पावसाच्या तोंडाशी गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरे.

आंब्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. मोहराच्या दिवसांत खालच्या झुडपांच्या पानांवर चिकट थर येतो आणि मग त्यावर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. लोक बुरशीनाशक आणायला धावतात. तो चिकटा आंब्यावरच्या तुडतुड्यांचा असतो. खालची पानं ओल्या फडक्याने पुसा. तुडतुड्यांचा बंदोबस्त वर मोहरावर करायचा. आंबा नसतानाही काजळी दिसली तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

सगळंच पिवळं म्हणजे शोभेचं नव्हे. शेंड्याच्या नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडतंय असं समजा. अशा मातीत नुसतं फेरस सल्फेट टाकून फारसा उपयोग होत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, वापरा. बोअरचं क्षारयुक्त पाणी देत असाल तर पावसाचं पाणी साठवून द्या.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबेकिया खालच्या वाफ्यात नको. त्याचं पान चावलं तर तोंडात जळजळ होते, सूज येते. छाटतानाही हातमोजे घाला.