दोन फोनवरचं रेकॉर्डिंग शेवटी पुढे-मागे होत असेल तर

नागपुरात, धरमपेठेतल्या खोलीत कूलर बंद ठेवून आम्ही हौशी मंडळी देवलांचं 'संशयकल्लोळ' श्राव्य रूपात करतोय. फाल्गुनराव आणि कृत्तिका, दोघांचे माइक वेगवेगळ्या फोनवर. सुरुवात जुळायची, अंकाच्या शेवटी आवाज दुहेरी. ट्रॅक सरकवला तर सुरुवात बिघडायची. तुकडे केले तर संवादांची लय जायची. फार वैताग आला. प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं, हे खरं कारण.

रेकॉर्डिंगच्या आरंभी आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाळ्यांमधलं अंतर दोन्ही ट्रॅकवर मोजा. दुसऱ्याचं भागिले पहिल्याचं, वजा १, गुणिले १००. दुसरा ट्रॅक पूर्ण निवडून 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये (जुन्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड') हा टक्का भरा (२४०० सेकंदांऐवजी २४००.२४ आले तर ०.०१, एवढ्याने स्वर बदललेला कळत नाही). मग पहिली टाळी जुळवा. शेवटची आपोआप जुळते.