करार रखडला आणि राग युनियनवर निघतो आहे : वैमानिकाने काय करावे

अमेरिकेतील विमान कंपन्यांमध्ये वैमानिकांचा सामूहिक करार कधीच संपत नाही. ठरलेल्या तारखेला तो फक्त दुरुस्तीसाठी खुला होतो, आणि नवा करार होईपर्यंत जुन्याच दराने व जुन्याच नियमांनी विमाने उडत राहतात. युनियनवर चिडलेल्या सहकाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच, कारण त्याच्या रागाचा मोठा भाग या एका तरतुदीतून आलेला असतो आणि ती तरतूद युनियनने केलेली नसते. मी स्वतः आमच्या तळावर, म्हणजे ज्या विमानतळावरून आमचे काम सुरू होते तिथे, दोन वर्षे निवडून आलेला प्रतिनिधी होतो. त्यापूर्वी कित्येक वर्षे त्याच प्रतिनिधींना शिव्या देणाऱ्यांमध्ये होतो. दोन्ही बाजूंनी जे पाहिले ते महाराष्ट्रातून येऊन इथे उडणाऱ्या तरुण वैमानिकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते पाहा

इथले वैमानिक रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. हा कायदा १९२६ साली रेल्वेसाठी झाला आणि १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. वाहतूक अचानक बंद पडू नये हा त्याचा हेतू असल्यामुळे तो मुद्दामच संथ ठेवलेला आहे. आधी दुरुस्तीची नोटीस दिली जाते, मग कंपनी आणि युनियन थेट बोलतात. जमले नाही तर राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे जावे लागते, आणि तिथे मुदत नावाची गोष्टच नाही. बैठका कधी, कुठे आणि किती दिवसांनी घ्यायच्या हे मध्यस्थ ठरवतो. मंडळाला कोंडी फुटणार नाही असे वाटले तरच ते लवादाचा प्रस्ताव ठेवते. एका बाजूने तो नाकारला की तीस दिवसांचा थांबण्याचा काळ सुरू होतो, आणि त्यानंतरच संपाचा मार्ग कायद्याने मोकळा होतो. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो अडवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाल्यावर काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला होता. जून २०१० मध्ये स्पिरिट एअरलाइन्सचे वैमानिक खरोखर संपावर गेले आणि पाच दिवसांत करार झाला, पण अशी उदाहरणे मोजकीच आहेत.

म्हणून ‘युनियन काय करते आहे’ असे मोघम विचारण्याऐवजी आपल्या प्रतिनिधीला नेमके प्रश्न विचारावेत. कोणत्या कलमांवर एकमत झाले आहे, कोणती अजून खुली आहेत, मध्यस्थाने पुढच्या बैठका कोणत्या तारखांना ठेवल्या आहेत, आणि गेल्या बैठकीनंतर कंपनीने लेखी प्रस्ताव दिला की नाही. या प्रश्नांची उत्तरे देण्यात सहसा गुप्तता आड येत नाही. उत्तर मिळाले नाही, तर तुमच्या रागाला आता एक पक्के कारण मिळाले असे समजावे.

रागाला कलमाचा क्रमांक द्या

आमच्या तळावर एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होता. रिझर्व्हवर, म्हणजे कंपनी बोलावेल तेव्हा उडायला तयार, असे, घर दुसऱ्या शहरात होते, आणि विमानतळाजवळ सहा जणांत मिळून घेतलेल्या खोलीत खालच्या बंकवर झोपत असे. एके दिवशी क्रू रूममध्ये त्याने माझ्यासमोर टोपी टेबलावर आपटली आणि म्हणाला, “तुमची युनियन झोपली आहे.” मी त्याला विचारले की नेमके काय झाले. बराच वेळ तो पगाराबद्दलच बोलत राहिला. मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. तीन दिवसांच्या ट्रिपवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची पुढची उड्डाणे बदलली जात, परतण्याचा दिवस पुढे ढकलला जाई आणि त्याची ठरलेली सुट्टी त्यात जाई. मुलीच्या वाढदिवसाला तो असाच एका हॉटेलात अडकला होता.

मी त्याला एक वही करायला सांगितले. तारीख, ट्रिपचा क्रमांक, मूळ परतीची वेळ, प्रत्यक्ष परतीची वेळ, गेलेली सुट्टी आणि त्याबद्दल मिळालेले पैसे, इतकेच लिहायचे. तीन महिन्यांत सात नोंदी झाल्या. त्याच्या शेजारच्या बंकवरच्या दोघांनीही तशाच वह्या केल्या. ती पाने मी वाटाघाटी समितीकडे पाठवली आणि पुढच्या बैठकीत ती टेबलावर गेली. ‘आमचे लोक नाराज आहेत’ या वाक्याला कंपनीचे वकील मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. तारीखवार नोंदींना मात्र त्यांना उत्तर द्यावेच लागते. तुमची तक्रार विलंबाची आहे, माहिती न मिळण्याची आहे, चुकीच्या मागण्यांना प्राधान्य दिल्याची आहे की एका विशिष्ट नियमाची, हे आधी कागदावर वेगळे करा. या चारही तक्रारींचे दरवाजे वेगळे आहेत.

कुठे बोलावे

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता लिहिलेला संताप कोणत्याही इतिवृत्तात जात नाही. तळाच्या स्थानिक परिषदेच्या बैठकीत मांडलेला ठराव जातो. या बैठकांना माणसे थोडी असतात, कारण सुट्टीच्या दिवशी तळावर यायला कोणाला आवडत नाही, आणि म्हणूनच एका वैमानिकाच्या मताला तिथे जितके वजन असते तितके दुसरीकडे कुठेच नसते. ठरावात मागणी एकच असावी, ती कोणी पूर्ण करायची हे लिहिलेले असावे आणि तारीख असावी. ‘वाटाघाटी समितीने खुल्या कलमांची यादी दर महिन्याला सभासदांना लेखी द्यावी’ हा चांगला ठराव आहे. ‘नेतृत्वावर तीव्र नाराजी’ व्यक्त करणाऱ्या ठरावातून पुढे काहीच घडत नाही.

१९५९ च्या कायद्याने इथल्या युनियन सभासदाला काही हक्क दिले आहेत, आणि ते वापरण्यात संकोच बाळगू नये. नेतृत्वावर टीका करण्याचा, बैठकीत बोलण्याचा आणि लागू कराराची प्रत मिळवण्याचा हक्क त्यात आहे. युनियनचा वार्षिक आर्थिक अहवाल कामगार खात्याकडे जमा होतो आणि तो कोणालाही पाहता येतो. वर्गणी कुठे जाते हा प्रश्न असेल तर तर्क करत बसण्यापेक्षा तो अहवाल वाचावा.

प्रतिनिधीला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची सोयही असते. ती वापरण्याआधी वरच्या कार्यकारी परिषदेत त्याने कोणत्या ठरावावर कसे मत दिले ते तपासा. मी प्रतिनिधी असताना मला परत बोलावण्याची अर्धवट हालचाल झाली होती, ती ज्या निर्णयावरून झाली त्याच्या विरोधात मी मत दिले होते. चिडलेल्यांपैकी कोणीही ते विचारले नव्हते. मीही ते स्वतःहून सांगितले नव्हते, आणि ती चूक माझी होती.

रागाच्या भरात सभासदत्व सोडू नये, हे मात्र ठामपणे सांगतो. बहुतेक कंपन्यांत सभासद नसलेल्यालाही प्रतिनिधित्वाचे शुल्क भरावे लागते, पण करारावर मत देता येत नाही. खिशातून पैसे जवळजवळ तेवढेच जातात आणि हातातली मतपत्रिका जाते.

काय मुळीच करू नये

वाटाघाटी चालू असताना जुनी स्थिती कायम ठेवण्याचे बंधन कंपनीवर असते तसेच युनियनवरही असते. ठरवून आजारपण कळवणे, ठरवून ओव्हरटाइम नाकारणे, ठरवून जमिनीवर विमान चालवताना (टॅक्सी करताना) वेग कमी ठेवणे हे सगळे त्या बंधनाचा भंग मानले जाते. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक, कंपनीने रेनो एअर विकत घेतल्यावरून, मोठ्या संख्येने आजारी पडले. न्यायालयाने कामावर परतण्याचा आदेश दिला, तो लगेच पाळला गेला नाही, आणि त्यांच्या युनियनवर साडेचार कोटी डॉलरहून अधिक दंड बसला. तो पैसा सभासदांच्या वर्गणीचाच होता.

आज अशा हालचालीचा पुरावा शोधणे आणखी सोपे झाले आहे. ‘या आठवड्यात कोणी जादा ट्रिप उचलू नका’ अशी एक ओळ ग्रुपवर टाकणाऱ्याला वाटते की तो युनियनला बळ देतो आहे. प्रत्यक्षात तो कंपनीच्या वकिलाच्या हाती कागद देत असतो. थकव्याचे मात्र वेगळे आहे. खरोखर थकलेले असाल तर उडू नका, तसे कळवा, वाटाघाटी चालू असोत वा नसोत. थकवा हे हत्यार म्हणून वापरले की दुसऱ्या दिवशी खरोखर डोळे मिटणाऱ्या सहकाऱ्यावरही संशय घेतला जातो, आणि त्याच्या मागे दीडशे प्रवासी बसलेले असतात.

युनियनच बदलावी असे वाटले तर

हा विचार दर रखडलेल्या करारात कोणाच्या तरी मनात येतो, आणि त्याला इतिहासही आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक १९६३ मध्ये एअर लाइन पायलट्स असोसिएशन या मोठ्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची युनियन काढली, ती आजही टिकून आहे. पण वाचायचे असेल तर यूएस एअरवेजचे प्रकरण वाचावे. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एक झाल्या. दोन्हीकडच्या वैमानिकांची सेवाज्येष्ठतेची एकत्र यादी लवादाने २००७ मध्ये दिली. ती पूर्वेकडच्या, म्हणजे मूळ यूएस एअरवेजच्या, वैमानिकांना अन्यायकारक वाटली, ते संख्येने जास्त होते, आणि २००८ मध्ये त्यांनी मतदानाने जुनी युनियन घालवून नवी आणली. त्यानंतर खटले सुरू झाले. एकाच रंगाची विमाने उडवणारे दोन गट पुढची जवळजवळ पाच वर्षे दोन वेगवेगळ्या जुन्या करारांवर काम करत राहिले, आणि पूर्वेकडचा करार तर दिवाळखोरीच्या काळात कापलेला होता. राग खोटा नव्हता. पण युनियन बदलल्याने लवादाची यादी बदलली नाही, आणि या भांडणात कंपनीचा पगारावरचा खर्च मात्र वाचत राहिला.

मुंबईच्या गिरणगावाशी नाते असलेल्या वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रतिनिधी युनियनकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तिच्यावर चिडलेले कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाखांचा संप सुरू झाला, पण कायद्याच्या टेबलावरची खुर्ची जुन्याच युनियनची राहिली. माणसे एकीकडे आणि कायदेशीर अधिकार दुसरीकडे, अशी ती कोंडी होती. इथे निदान मतदानाने ती खुर्ची बदलता येते, पण त्यासाठी निम्म्या वैमानिकांच्या सह्यांची कार्डे लागतात. त्यानंतर वकील, हिशेबनीस आणि वाटाघाटी करणारी माणसे नव्याने उभी करावी लागतात, आणि तोवर जुनाच दर चालू राहतो. कार्डावर सही मागणाऱ्याला एवढेच विचारा : पहिल्या बैठकीला कोण बसणार, त्यांना पैसे कुठून मिळणार, आणि करार किती महिन्यांनी पुढे जाणार. त्याच्याकडे उत्तरे असतील तर सही करण्यात गैर काही नाही.

कराराचा मसुदा हातात आल्यावर

सगळ्यात मोठी ताकद सभासदाकडे येते ती या दिवशी. युनियनने पाठवलेला चार पानी सारांश आणि विरोधकांनी फिरवलेला एक पानी तक्ता, दोन्ही बाजूला ठेवा. पगाराचा तक्ता शेवटी वाचा. आधी व्याख्यांचे कलम वाचा, मग रिझर्व्ह, मग ट्रिप बदलण्याचे नियम, मग कोणती उड्डाणे दुसऱ्या कंपनीला देता येतील ते कलम. ‘शक्य असल्यास’ आणि ‘कामकाजाच्या गरजेनुसार’ हे शब्द जिथे दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करा, कारण पुढची चार वर्षे भांडणे तिथेच होतात. मग आपले गेल्या बारा महिन्यांचे रोस्टर समोर घ्या आणि नवे नियम लागू असते तर प्रत्येक महिन्यात किती पैसे आणि किती सुट्ट्या मिळाल्या असत्या ते मांडा. एका दुपारचे काम आहे. मागील काळाच्या फरकाची रक्कम कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कमाईवर धरली आहे तेही याच वेळी पाहा.

‘नाही’ म्हणायला घाबरू नये, पण बाहेरचा बाजार पाहून म्हणावे. युनायटेडच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ९४ टक्के मतांनी मसुदा फेटाळला. पुढच्या मार्चमध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला, त्याने सगळ्यांची पातळी वर नेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी पूर्वीपेक्षा बराच चांगला करार ८२ टक्के मतांनी स्वीकारला. फेडएक्सच्या वैमानिकांनी जुलै २०२३ मध्ये ५७ टक्के मतांनी मसुदा नाकारला. तेव्हा मालवाहतुकीची मागणी घटत होती, आणि दोन वर्षे उलटली तरी त्यांच्या हाती नवा करार आला नव्हता. दोन्हीकडचे वैमानिक तितकेच चिडलेले होते. पहिल्या ठिकाणी कंपनीला माणसांची निकड होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. शिवाय ९४ टक्क्यांतून कंपनीला एकजूट दिसते, ५७ टक्क्यांतून फूट दिसते. मत देण्यापूर्वी स्वतःला विचारावे की वर्षभराने आपल्या हातात आजच्यापेक्षा जास्त काय असेल.

आमच्या मसुद्यात ट्रिप बदलण्याचे कलम आले. सुट्टीच्या दिवसात ट्रिप गेली तर दुप्पट पैसे आणि बदली सुट्टी, आणि ती कोणत्या मुदतीत द्यायची तेही लिहिलेले. त्या फर्स्ट ऑफिसरने आपल्या वहीतील सातही नोंदींना तो नियम लावून पाहिला आणि मला आकडे दाखवले. तरीही त्याने विरोधात मत दिले, कारण निवृत्तिवेतनाचे कलम त्याला कमी पडते आहे असे वाटत होते, आणि त्याचाही हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर होता. मसुदा मंजूर झाला. पुढच्या स्थानिक बैठकीला तो आला तेव्हा निवृत्तिवेतनाबद्दलचा ठराव टंकलिखित करून, दोन प्रती घेऊन आला होता.