गिऑनमध्ये फिरताना या चुका टाळा

जपानला निघालेल्या आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपच्या कार्यक्रमपत्रिकेत क्योतोच्या एका संध्याकाळपुढे लिहिलेलं असतं, 'गिऑन : गेशा दर्शन'. घोळ तिथूनच सुरू होतो. गिऑन ही राहती वस्ती आहे आणि ज्यांचं 'दर्शन' घ्यायला आपण जातो त्या कलावंत तेव्हा कामावर निघालेल्या असतात.

मुळात क्योतोत 'गेशा' हा शब्द फारसा चालत नाही. पूर्ण तयारीची कलावंत ती गेइको, शिकाऊ ती माइको. सक्तीचं नऊ वर्षांचं शिक्षण संपवून पंधराव्या वर्षाच्या आसपास मुली ओकियात, म्हणजे त्यांच्या निवासी घरात, राहायला येतात आणि नाच, शामिसेन हे तंतुवाद्य, चहाविधी शिकतात. म्हणजे पांढरा रंग लावलेल्या ज्या चेहऱ्यामागे आपण मोबाइल उंचावून धावतो, तो बहुतेक वेळा पंधरा ते वीस वर्षांच्या मुलीचा असतो. आपल्या मुलीमागे दहा अनोळखी माणसं अशी लागली तर?

संध्याकाळी कोपऱ्यावर दबा धरून बसणं

शिजो आणि हानामिकोजी हे रस्ते मिळतात तिथे इचिरिकी-तेई या चहाघराची लालसर भिंत आहे. साडेपाच-सहा वाजले की तिथे गर्दी जमते. माइकोच्या पायात सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचे लाकडी ओकोबो असतात, पाठीवर जड ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा, लोंबत असतो. अशा वेशात ती गर्दी चुकवून पळू शकत नाही, आणि थांबायला तिला वेळ नसतो. पूर्वी तिच्या वेळेचा हिशेब उदबत्त्या जाळून ठेवत. घड्याळ आलं तरी मैफलीची वेळ ती वेळच. वाट अडवणं, बाही ओढणं, तोंडासमोर फ्लॅश मारणं या तक्रारी इथे वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ती समोर आली तर बाजूला व्हा, मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांनी पाहा. दहा सेकंदांत ती निघून जाते.

लावणी पाहायची तर आपण तिकीट काढून थिएटरात बसतो. कलावंत बाई भाजी आणायला निघाली म्हणून कॅमेरा घेऊन तिच्या मागे लागत नाही. इथेही तेवढंच पाळायचं.

नकाशावर विसंबून गल्लीत शिरणं

हानामिकोजी सार्वजनिक रस्ता आहे, तिथे खुशाल फिरा. पण त्याला फुटणाऱ्या अरुंद गल्ल्यांपैकी बऱ्याच खासगी मालकीच्या आहेत. तिथे फोटो काढू नका, नाहीतर 10,000 येन दंड, असे फलक रहिवाशांनी 2019 मध्ये लावले. लोक ऐकेनात, तेव्हा 2024 मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. दंड आपल्या पैशांत पाच-सहा हजार रुपयांच्या घरात जातो. मोबाइलमधला नकाशा जवळची वाट म्हणून नेमक्या अशाच गल्लीत नेऊ शकतो. फलक दिसला की मागे फिरा. आत गेल्यावर कुणी हटकलं तर 'आम्हाला माहीत नव्हतं' वगैरे वाद घालत बसू नका. 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणून मान लववा आणि निघा.

'चहाघर' म्हणजे चहाचं दुकान समजणं

ओचाया या शब्दाचा अर्थ चहाघर असला तरी तिथे दार सरकवून 'चार चहा' सांगता येत नाही. तिथे मेजवानी होते आणि गेइको-माइको कला सादर करतात. ओळखीशिवाय नव्या गिऱ्हाइकाला प्रवेश नाही, ही तिथली जुनी रीत. त्यामागे व्यवहार आहे. जेवण, कलावंतांचं मानधन, परतीची टॅक्सी, सगळा खर्च ओचाया आधी करतं आणि बिल मागाहून धाडतं. किराणा दुकानातली वहीच म्हणा ना, आणि वहीवर नाव चढायला कुणाची तरी ओळख लागतेच. तेव्हा नकार मिळाला तर तो परदेशी म्हणून मिळाला असं समजू नका.

दारातून आत डोकावणंही नको. भिंतीला लागून बांबूच्या कामट्यांचं गोलसर कुंपण दिसतं, त्याला इनुयाराई म्हणतात. भिंतीवर चिखल उडू नये, कुत्र्यांनी ती घाण करू नये म्हणून ते असतं. फोटोसाठी त्यावर टेकलात तर मोडेल.

किमोनोची उलटी घडी

भाड्याने किमोनो घ्यायला हरकत नाही, फक्त डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलट घडी मृताला घालतात. दिवसाउजेडी ऐटीत पोझ देणारी 'माइको' बहुधा वेषांतर केलेली पर्यटकच असते. तिचाही फोटो विचारूनच काढा.

मग कला पाहायची कुठे?

रंगमंचावर. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोची रया गेली होती. शहराला उभारी द्यायला 1872 मध्ये प्रदर्शन भरलं, त्यात मियाको ओदोरी सुरू झालं. गिऑन कोबू या गिऑनमधल्या मोठ्या भागातल्या गेइको-माइको हा नाच दर एप्रिलमध्ये सादर करतात, म्हणजे साकुरा, चेरीचा बहर, पाहायला जाणाऱ्यांना तो आयताच सापडतो. तिकीट आधी काढून ठेवा. मे महिन्यात जात असाल तर पोंतोचो या क्योतोतल्याच दुसऱ्या गेइको-वस्तीचं कामोगावा ओदोरी आहे, नोव्हेंबरात गिऑनच्याच हिगाशी भागाचं गिऑन ओदोरी. ओचाया आतून पाहायचंच असेल तर कानाझावा शहराच्या हिगाशी चाया भागात 1820 मध्ये बांधलेलं 'शिमा' हे घर तिकीट काढून पाहता येतं.

आणि लाकडी घरांचे निवांत फोटो हवे असतील तर सकाळी सातला शिराकावा ओढ्याकाठी, तात्सुमी पुलापाशी जा. चाकांची बॅग तेवढी हॉटेलात ठेवा. दगडी फरशीवर ती फार खडखडते आणि रात्री उशिरा परतलेली माणसं त्या वेळी झोपलेली असतात.