बोटुकली सोडण्याआधी तळं मोकळं करा

आमच्या चोपड्याकडे कुणाचं मत्स्यबीज (तळ्यात वाढवायला सोडलेली माशांची पिल्लं; बोटाएवढी झाली की बोटुकली) कमी भरलं की पहिली शिवी पाणकावळ्याला. तो खातो, नाही कसं? पण खरा चोर बहुतेक वेळा पाण्यातच बसलेला असतो: मरळ, दुसरे मासे खाणारा मासा. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळे तळं आटलं तरी ओल्या चिखलात जिवंत राहते. पावसात नाल्याच्या वाहत्या पाण्यातून चढूनही येते. म्हणून कटला-रोहू सोडायच्या आधीचं काम नंतरच्या राखणीपेक्षा मोलाचं.

मातीचं तळं असेल तर उन्हाळ्यात पार कोरडं करा, तळाला भेगा पडेपर्यंत. हे जमत नसेल तर मोहाची पेंड. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोह भरपूर, तेल काढून उरलेली पेंड तिकडून मागवता येते. प्रमाण असं: एक गुंठा पाणी, खोली एक मीटर, तर २० ते २५ किलो. खोली दीड मीटर असली तर दीडपट. पेंड कुटून रात्रभर भिजवायची आणि सकाळी सगळीकडे सारखी शिंपायची. तिच्यातलं सॅपोनिन नावाचं विष माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मासे काही तासांत वर येऊ लागतात, जाळं तयार ठेवा. गुरं तेवढे दिवस तिकडे फिरकू देऊ नका. जहर उतरायला १५ ते २० दिवस लागतात, मग तीच पेंड खत होते. त्याआधी बीज सोडायची घाई नको.

पाटाचं पाणी घेताना नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. आणि रोज झाडा, नाहीतर पाणी अडून जाळीच फाटते.

इवलंसं मत्स्यजिरं (नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं) वाढवत असाल तर पाण्यातले किडेही शत्रूच. सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम खाद्यतेल नि १८० ग्रॅम साबण एकत्र फेटून पाण्यावर पसरा. वर श्वास घ्यायला येणारे किडे गुदमरतात.

बीज घेताना पांढऱ्या टपात ओतून बघाच. टिलापिया दिसला तर वेचा. त्याची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा वीण होते आणि तळं बारक्या माशांनी भरून जातं. खाद्य तुमचं, वजन कुणाचंच नाही. थाई मांगूर हा परका मिशीवाला मासा फुकट दिला तरी नको. सन २००० पासून त्यावर बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) साठे नष्ट करायला सांगितले. घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासाही तापीत सोडू नका, तो तिथे टिकतो.

आता पाणकावळे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे, गलोल-बंदुकीचं नाव काढू नका. पाण्यापासून हातभर उंचीवर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा, बीज बोटाएवढं झाल्यावरच सोडा. बगळ्याला उभं राहायला उथळ काठ लागतो, तो तोडून सरळ करा. दिवड साप दिसला तर जाऊ द्या, त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.