कोरकू ‘वाचवायला’ मेळघाटात येताय? या चुका टाळा

कोरकू ही मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची भाषा; तिला मराठीची बोली म्हणू नका. ती संताळी-मुंडारी या भाषांच्या कुळातली. बुलढाण्याकडची निहाली भाषा तर कुठल्याच कुळात बसत नाही. एवढं वाचून तरी या.

दर उन्हाळ्यात दिसणारी चूक म्हणजे मराठी शब्दांची यादी छापून आणायची आणि भेटेल त्याला ‘याला काय म्हणता?’ विचारत सुटायचं. धारणी तालुक्यात असाच एक हौशी गट आला होता. एकवचन, अनेकवचन असे दोन रकाने भराभर भरले, रंगीत तक्ता छापला, शाळेत लावला. तक्ता बघून एक आजी म्हणाली, “आणि दोघंच असले तर?” कोरकूत माणसं-जनावरांसाठी द्विवचन असतं. मराठीत नाही, म्हणून यादीत रकाना नाही, म्हणून कुणी विचारलंच नाही. पैसे छपाईतच संपलेले. तक्ता तसाच राहिला आणि पोरं त्यावरूनच शिकली.

मी यादी पिशवीतून बाहेरच काढत नाही. बाया मोहफुलं वेचायला निघाल्या की मागून जायचं, चाललेलं बोलणं ऐकायचं, अख्खी वाक्यं टिपायची. प्रश्न संध्याकाळी. वेळ लागतो, हो. पंधरवड्यात शब्दकोश हवा असणाऱ्यांनी सरळ चिखलदऱ्याची सहल काढावी.

रेकॉर्डिंगआधी पंखा बंद करा. नाव, गाव, तारीख बोलणाऱ्याच्याच तोंडून सुरुवातीला घ्या; ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ पुढच्या वर्षी तुम्हालाही ओळखू येणार नाही. एखादं गाणं बाहेर न्यायचं नाही म्हणाले, तर न्यायचं नाही. एक प्रत गावातच ठेवा.

लिपीच्या वादात पडू नका. गोंडी भाषेचंच बघा: तिला मसराम आणि गुंजाला अशा दोन लिप्या आहेत, देवनागरी आणि तेलुगूही चालतात. निकाल लागेपर्यंत पोरं बाप होतील.

२०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर आहेत, म्हणून निर्धास्त होऊ नका. आकडा मोठा असला तरी घरात लेकरांशी कुठली भाषा बोलतात ते बघा.

राहता राहिलं भाषा शिकवायचं ॲप. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींनी आपली भाषा टिकवायला १९८२ मध्ये ‘कोहंगा रेओ’ बालवाड्या सुरू केल्या त्या आजी-आजोबांना लेकरांत बसवून. ॲपसाठी मदत मागायला येणाऱ्यांना मी आधी विचारतो, अंगणवाडीत कोरकू बोलणारी आजी रोज बसते का, आणि तिच्या मानधनाचं काय? बहुतेक जण मग फोन करत नाहीत.